अर्ध्या लक्षाचा वाचक

जाहिरातीचा मजकूर पूर्ण लक्ष देऊन वाचणारी माणसं मोजकीच असतात. एक तो लिहिणारा, दुसरा त्याचा साहेब आणि तिसरा ज्याच्यासाठी लिहिलं तो क्लायंट. बाकी सगळे तो दुसरं काहीतरी करता करता बघतात. शांत खोलीत, मोठ्या स्क्रीनवर, चहा गार होईपर्यंत घासूनपुसून लिहिलेली ओळ शेवटी तळहाताएवढ्या काचेवर जाऊन पोचते. त्या काचेचा मालक तेव्हा लिफ्टची वाट बघत असतो, आजारी आईच्या औषधांचा हिशोब डोक्यात जुळवत असतो, किंवा मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बसलेला असतो. ती ओळ त्याने मागितलेली नसते.

मी बरीच वर्षं हे काम करते आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती असं कुणी विचारलं, तर मी शब्द सुचण्याचं नाव घेणार नाही. लिहिणाऱ्याचं निवांतपण आणि वाचणाऱ्याची घाई यांच्यातलं अंतर सतत ध्यानात ठेवणं, हे खरं अवघड. आपण पाचव्यांदा वाचत असतो, म्हणून आपल्याला तिसऱ्या परिच्छेदातला मुद्दा स्पष्ट दिसतो. वाचणारा एकदाच बघणार असतो, तेही पूर्ण नाही.

या धंद्यात गेली काही वर्षं एक वाक्य फार फिरतं. माणसाची एकाग्रता आता आठ सेकंदांवर आली आहे, म्हणजे गोल्डफिश माशापेक्षाही कमी. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेच्या एका अहवालात हा आकडा आला आणि तिथून तो जगभरच्या प्रेझेंटेशनांमध्ये शिरला. त्याचा माग काढू गेलेल्यांना त्यामागे कुठलंही धड संशोधन सापडलं नाही. माशाबद्दलही नाही आणि माणसाबद्दलही नाही. या आकड्याचा मला राग येतो, कारण तो लिहिणाऱ्याला वाचकाबद्दल तुच्छता शिकवतो. हीच माणसं रात्री जागून मालिकेचे भाग संपवतात, मुलाच्या तापाबद्दल तासन्‌तास वाचतात, नवं घर घ्यायचं असेल तर करारातली बारीक अक्षरंही सोडत नाहीत. त्यांची एकाग्रता शाबूत आहे. ती आपल्या वाट्याला येत नाही, एवढंच.

ग्लोरिया मार्क या संशोधक लोक संगणकावर कसं काम करतात हे वर्षानुवर्षं मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या मोजणीत ते प्रमाण ४७ सेकंदांच्या आसपास आलं आहे. हा आकडा खरा आहे, पण तो क्षमतेचा नाही, सवयीचा आणि परिस्थितीचा आहे. माणूस आता एका गोष्टीवरून दुसरीकडे जायचं की नाही याचा निर्णय फार लवकर घेतो. आपल्या संदेशाबद्दलही तो तसाच घेतला जातो.

घाईतला माणूस बेसावध असतो, असं आपण उगाच समजतो. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्टोफर शाब्री यांनी एक प्रयोग केला. काही लोक एकमेकांकडे बास्केटबॉल फेकत आहेत असा व्हिडिओ दाखवायचा आणि पांढरे कपडे घातलेल्यांनी किती वेळा चेंडू दिला ते मोजायला सांगायचं. मधेच गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती चालत येते, काही सेकंद दिसते आणि निघून जाते. बघणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही. ही माणसं ढिली नव्हती, उलट नेमून दिलेलं काम मन लावून करत होती. म्हणून गोरिला सुटला. आपला ग्राहकही दिवसभर असंच काहीतरी मोजत असतो. घरचे हप्ते, कामाच्या तारखा, म्हाताऱ्या माणसांच्या तपासण्या, मुलांच्या परीक्षा. अशा वेळी आपण अधिक मोठा, अधिक भडक गोरिला पाठवतो आणि तरी दिसत कसा नाही म्हणून चकित होतो.

भडकपणाने भागत नाही, हे इंटरनेटवर तर फार लवकर कळून चुकलं होतं. वेबवरची पहिली बॅनर जाहिरात म्हणून जी ओळखली जाते, ती एटी अँड टी कंपनीची. ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड या संकेतस्थळावर ती झळकली. तेव्हा असलं काही कुणी पाहिलंच नव्हतं आणि ती पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी तिच्यावर क्लिक केल्याचं सांगितलं जातं. पुढे चारच वर्षांनी, १९९८ मध्ये, बेनवे आणि लेन या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की पानावर काही शोधत आलेल्या लोकांना मोठ्या रंगीत चौकटीत ठेवलेली लिंकच दिसत नव्हती, जरी त्यांना हवी असलेली माहिती नेमकी तिच्यामागे होती तरी. जे ठळक करायचं म्हणून चौकटीत घातलं, ते चौकटीमुळेच लपलं. जाहिरातीसारखं दिसणारं काहीही न वाचता ओलांडायचं, हे माणसाच्या नजरेने चार वर्षांत शिकून घेतलं होतं.

या अभ्यासाची आठवण मला दर वेळी होते, जेव्हा कुणीतरी म्हणतं, ‘हे जरा बोल्ड करा, लाल करा, वर एक उद्गारवाचक चिन्ह टाका.’

मग नजर थांबते कशावर? मानसशास्त्रात याचं एक जुनं उत्तर आहे. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांना दोन कानांत दोन वेगवेगळी बोलणी ऐकवली आणि एकाच कानातलं मोठ्याने म्हणत जायला लावलं. दुसऱ्या कानात काय चाललं होतं ते त्यांना जवळजवळ काहीच सांगता आलं नाही. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव पेरलं. सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. या प्रयोगातून धंद्याने एवढंच उचललं की माणसाला स्वतःचं नाव ऐकू येतं, म्हणून प्रत्येक ईमेलच्या सुरुवातीला नाव घाला. दोन तृतीयांश लोकांना स्वतःचं नावसुद्धा ऐकू आलं नव्हतं, हा भाग मागे पडला. माझं लक्ष मात्र त्याच भागाकडे जातं. शिवाय आता यंत्राने चिकटवलेलं नाव सगळे ओळखतात. ‘प्रिय’पुढे आपलं नाव दिसलं की हा संदेश हजारो लोकांना गेला आहे, हे वाचणाऱ्याला आधी कळतं.

नावापेक्षा जवळचं असं माणसाच्या डोक्यात त्या दिवशी काहीतरी असतं. ज्या गोष्टीची काळजी त्याला आधीपासून लागली आहे, जे काम त्याने दोनदा पुढे ढकललं आहे, जो प्रश्न त्याने अजून कुणाला विचारलेला नाही. संदेशाने तिथे बोट ठेवलं तर नाव नसलं तरी चालतं. हे काम लिहायला बसण्याच्या आधीचं आहे. ग्राहकसेवेचे फोन ऐकायचे, तक्रारींच्या ईमेल वाचायच्या, काउंटरवर बसणाऱ्या माणसाला विचारायचं की लोक आल्यावर पहिलं वाक्य काय बोलतात. ते पहिलं वाक्य सोन्यासारखं असतं. लोक त्यांच्या अडचणीला जे शब्द वापरतात ते आपल्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा नसतात.

आता लांबीबद्दल, कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात.

एसएमएस आकाराला येत होता तेव्हा, १९८५ मध्ये, जर्मनीतले अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं आणि प्रश्न टाइप केले आणि अक्षरं मोजली. जवळजवळ सगळी १६० च्या आत बसली. पोस्टकार्डांवरचे मजकूरही त्यांनी तपासले. त्यातून १६० अक्षरांची मर्यादा पक्की झाली. ही गोष्ट मला फार आवडते, कारण तांत्रिक मर्यादा ठरवणाऱ्या माणसाने लोकांना एकमेकांना सांगायचं असतं तरी किती, हेही मोजून पाहिलं. मात्र ही १६० अक्षरं रोमन लिपीची. देवनागरीत संदेश लिहिला की मर्यादा ७० वर येते, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘प्रिय ग्राहक’ म्हणताच १२ जागा गेल्या. ‘महत्त्वाची सूचना’ म्हटलं की १६. म्हणजे काही सांगायच्या आधीच पाव संदेश संपला. त्यापुढे गेलं तर संदेशाचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात.

मी नव्या मुलांना हीच मर्यादा देऊन लिहायला बसवते. मूळ मजकूर साधारण असा असतो: ‘प्रिय ग्राहक, आपल्या सेवेत सदैव तत्पर असलेल्या आमच्या संस्थेच्या वतीने आपणांस कळविण्यात आनंद होत आहे की, आपल्या पाण्याच्या फिल्टरच्या वार्षिक देखभालीचा कालावधी समीप आला असून आपण आमच्या प्रतिनिधीशी संपर्क साधून...’ घाईतल्या माणसाची नजर ‘आनंद’पर्यंतही जात नाही, आणि मधल्या आनंदाशी त्याला कर्तव्यही नसतं. खरा निरोप एवढाच आहे: ‘पाण्याचा फिल्टर या महिन्यात बदलायचा आहे. मंगळवार चालेल?’ हा ७० मध्ये बसतो आणि पाठवणाऱ्याचं छोटं नाव लिहायलाही जागा उरते.

‘मंगळवार चालेल?’ या दोन शब्दांवर मी नेहमी अडून बसते. ‘सोयीच्या वेळी संपर्क साधा’ असं म्हणणं वरवर सौजन्याचं वाटतं, पण त्यात सगळं काम वाचणाऱ्यावर ढकललेलं असतं. त्याने कॅलेंडर उघडायचं, वार ठरवायचा, नंबर शोधायचा, फोन लावायचा, वाट बघायची. दमलेला माणूस अशा वाक्याला ‘नंतर बघू’ म्हणतो आणि ते नंतर कधीच येत नाही. उलट एक वार पुढे केला की ‘हो’ किंवा ‘बुधवारी जमेल’ एवढंच म्हणायचं उरतं. घाईतल्या माणसाकडून काही हवं असेल तर त्याच्या वाटचं निम्मं काम आपण आधी करून ठेवायला हवं. यात आपला वेळ जातो. जायलाच हवा, कारण आपण एकदाच लिहितो आणि वाचतात हजारो.

मग इतकं लहान कुणी लिहीत का नाही? भाषा येत नाही म्हणून, असं मला वाटत नाही. मजकूर लांबतो तो मीटिंगमध्ये. विक्रीवाल्यांना सवलत हवी असते, कायदा विभागाला अटी हव्या असतात, वरच्या साहेबांना संस्थेची वर्षं आणि पुरस्कार हवे असतात, कुणाला ॲपचा उल्लेख हवा असतो. प्रत्येकाची ओळ त्याच्या जागी रास्त असते. सगळ्या रास्त ओळी एकत्र आल्या की संदेश मरतो. २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झालं. लायडी क्लॉट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना निरनिराळ्या वस्तू, मजकूर, आराखडे सुधारायला दिले. काढून टाकून सुधारणं सोपं असतानाही बहुतेकांना काहीतरी वाढवायचंच सुचलं. काढणं सुचायलाच वेळ लागतो, हा माझाही अनुभव आहे. मजकूर छोटा असणं म्हणजे कुणीतरी निर्णय घेतलेला असणं. मोठा मजकूर अनेकदा एवढंच सांगतो की पाठवणाऱ्यांचं आपसात ठरलं नव्हतं, म्हणून ठरवण्याचं काम त्यांनी वाचकाकडे पाठवलं.

हार्वर्डमधले टॉड रॉजर्स आणि त्यांच्या सहकारी जेसिका लास्की-फिंक यांनी अमेरिकेतल्या शालेय मंडळांच्या सात हजारांवर निवडून आलेल्या सदस्यांना एका छोट्या सर्वेक्षणाची विनंती पाठवली. निम्म्यांना १२७ शब्दांची ईमेल, निम्म्यांना ४९ शब्दांची. लांब ईमेलला २.७ टक्के उत्तरं आली, छोट्या ईमेलला ४.८ टक्के. हे आकडे लहान वाटतात. पण विनंती एकच, माणसं तशीच, फक्त ७८ शब्द काढले, तर उत्तरं पावणेदोन पटीच्या पुढे गेली. ते ७८ शब्द कुणीतरी काळजीपूर्वक लिहिले असणार, हेही माझ्या मनात येतं.

तरीही छोटं म्हणजे चांगलं, असा सरसकट नियम मी करणार नाही. १९५८ मध्ये जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वी यांनी रोल्स-रॉइस गाडीसाठी केलेली जाहिरात या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. ताशी ६० मैल वेगाने जाताना या नव्या गाडीतला सर्वांत मोठा आवाज असतो तो विजेच्या घड्याळाचा, असं तिचं शीर्षक. त्याखाली भरपूर मजकूर होता, एकामागून एक तपशील. लोकांनी तो वाचला, कारण शीर्षकाने कुणी थांबायचं आणि कुणी पुढे जायचं हे आधीच ठरवून दिलं होतं. गाडीत रस नसलेला माणूस एका ओळीत मोकळा झाला, आणि रस असलेल्याला पुढे वाचायला भरपूर मिळालं. ही ओळ ओगिल्वींना एकटाकी सुचलेली नव्हती. ते गाडीबद्दल तीन आठवडे वाचत बसले होते आणि मोटारींच्या एका नियतकालिकातल्या चाचणीच्या वृत्तान्तात त्यांना ती सापडली. ‘अतिशय शांत गाडी’ हे कुणीही म्हणतं. घड्याळाचा आवाज कानाला ऐकू येतो.

नेमक्या तपशिलाची ताकद किती असते, याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण विक्रीतलं नाहीच. लंडनमधल्या रुग्णालयांत तपासणीची वेळ ठरलेल्या रुग्णांना पाठवायच्या आठवणीच्या एसएमएसवर प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या संदेशाने न येणाऱ्यांचं प्रमाण ११.१ टक्के होतं. त्यात एक वाक्य घातलं, की आपण आला नाहीत तर आरोग्यसेवेचं सुमारे १६० पौंडांचं नुकसान होतं. प्रमाण ८.४ टक्क्यांवर आलं. नुसतं ‘नुकसान होतं’ असं मोघम लिहून बघितलं तेव्हा तेवढा फरक पडला नाही. आकडा लागला. संदेश पाठवायचा खर्च तोच, यंत्रणा तीच, एका वाक्याने कितीतरी तपासण्या वाया जायच्या वाचल्या. आपलं काम वरवरचं आहे असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला हे वाक्य आठवतं.

थोडं फसवणुकीबद्दल. ईमेलच्या विषयात ‘रि:’ लिहायचं, म्हणजे आधी बोलणं झालं होतं असं वाटावं. ‘आपलं खातं बंद होऊ शकतं’ असं लिहायचं आणि आत सवलत निघावी. दर आठवड्याला ‘शेवटची संधी’. ही तंत्रं चालतात, त्या दिवसापुरती. ईमेल किती जणांनी उघडली या आकड्यावर ज्यांची बढती ठरते, त्यांना ती मोहात पाडतात. घाईतल्या माणसाने घाबरून हातातलं काम सोडलं आणि आपली जाहिरात उघडली, तर आपण त्याच्या दिवसातून काहीतरी चोरलं, असं माझं स्पष्ट मत आहे. असे मजकूर लिहायला मी नकार देते आणि कारणही सांगते. पुढच्या वेळी आपल्याला खरंच तातडीचं काही सांगायचं असेल तेव्हा त्याच माणसाचा अंगठा आपलं नाव बघून संदेश बाजूला सारणार असतो.

सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये आलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे माणसाने ईमेल उघडली नाही तरी ती उघडल्याची नोंद होऊ शकते. त्यामुळे तो आकडाच डळमळीत झाला. अनेकांना हळहळ वाटली, मला बरं वाटलं. निदान आता उत्तरं किती आली, काम किती जणांचं झालं, हे विचारावं लागतं. २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये यादीतून नाव काढून घ्यायची सोय सक्तीची केली, आणि स्पॅम म्हणून तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं. हजारात तीन माणसं चिडली तरी पुरे. मी तर म्हणते नाव काढायची ओळ बारीक, फिकट अक्षरांत लपवूच नये. ज्याला नको आहे त्याला झटकन जाऊ द्यावं. यादी लहान होते आणि उरलेल्यांसाठी लिहिणं सोपं जातं.

आणि बहुतेकांना आज काहीच नको असतं, हेही मान्य करायला हवं. कुठल्याही दिवशी आपल्या वस्तूची गरज असलेली माणसं मूठभरच. बाकीच्यांच्या नजरेखालून संदेश जातो तेव्हा आपलं नाव आणि आपण काय करतो एवढं जरी मागे राहिलं तरी पुष्कळ. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं की नुसतं पुन्हा पुन्हा नजरेस पडल्यानेही एखादी गोष्ट जवळची वाटू लागते. त्यासाठी दर तिमाहीला रंग, बोलण्याची ढब आणि घोषवाक्य बदलायचा सोस सोडावा लागतो. कंटाळा आपल्याला आधी येतो. वाचणाऱ्याने तर अजून नीट पाहिलेलंही नसतं.

मजकूर पक्का करायच्या आधी मी तो माझ्या विभागातल्या कुणाला दाखवत नाही, त्यांना विषय माहीत असतो. हिशोब बघणाऱ्या किंवा दुसऱ्या कुठल्या कामात गढलेल्या सहकाऱ्याच्या फोनवर तो पाठवते, तेही सांगून ठेवून नाही. दुपारनंतर त्याच्याकडे जाऊन विचारते, मघाशी काय आलं होतं? कधी तो म्हणतो, काहीतरी ऑफर होती बहुतेक. मग ते सगळं पहिल्यापासून लिहायचं. कधी तो मान वर न करता त्याच्या शब्दांत सांगतो, ‘ते फिल्टर बदलायचं, मंगळवारी येऊ का विचारत होते.’ ते मी तसंच कागदावर उतरवून घेते आणि माझ्या मजकुराशेजारी ठेवून बघते. त्याच्या वाक्यात नसलेलं जे जे माझ्या मजकुरात असतं, त्यातल्या प्रत्येक शब्दाला मग आपली जागा सिद्ध करावी लागते.